हाई पोथी कितली जुनी शे? जुन्या धर्मग्रंथांची आणि सचित्र पुस्तकांची नोंद कशी करतात

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' नावाचं अभियान जाहीर झालं. देशभरातल्या एक कोटीहून जास्त हस्तलिखितांची पाहणी, नोंद आणि जतन करायचं, आणि त्यात विद्यापीठं, संग्रहालयं, ग्रंथालयं यांच्याबरोबर खाजगी संग्राहकांनाही धरायचं, असा त्याचा आवाका आहे. 'खाजगी संग्राहक' म्हटलं की आपल्याला मुंबई-पुण्याचा कुणी हौशी श्रीमंत दिसतो. पण आपल्या खानदेशात यावल-रावेरकडची जुनी धाब्याची घरं, धरणगाव-एरंडोलचे वाडे, शहादा-तळोद्याकडच्या ओसऱ्या, अमळनेरच्या वाडीभोवतालची बिऱ्हाडं यांतल्या कित्येक घरांत लाल फडक्यात बांधलेलं एखादं बासन असतंच. आजीच्या माघारी ते कुणी सोडलेलं नसतं. बातमी आली की ते माळ्यावरून खाली येतं आणि पहिला प्रश्न ठरलेला: हाई पोथी कितली जुनी शे?

हा प्रश्न चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. वय शेवटी ठरतं, आणि कधी कधी ठरतच नाही. आधी हातात नेमकं काय आहे, ते किती पुरं आहे आणि कुठून आलं हे लिहून काढावं लागतं. जुन्या पुस्तकांच्या जाणकाराचं निम्मं काम हेच असतं. त्याला पुस्तकाची नोंद म्हणतात. ती कशी करतात हे कळलं तर ते काम घरच्या घरी, पट्टी आणि भिंग घेऊन बऱ्यापैकी जमण्यासारखं आहे.

हाताने लिहिलेलं की दगडावरून छापलेलं?

माळ्यावर सापडणारी धार्मिक पुस्तकं ढोबळमानाने तीन जातींची. हस्तलिखित, म्हणजे बोरूने कागदावर लिहिलेलं. शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेलं. आणि खिळाछाप, म्हणजे शिशाचे सुटे खिळे जुळवून छापलेलं. पहिल्या दोन जातींत हमखास गफलत होते. 'आमच्याकडे हस्तलिखित आहे' असं सांगत आलेल्यांच्या पिशवीतून शिळाछाप निघणं ही नेहमीची गोष्ट, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

शिळाछापाची युक्ती बव्हेरियातल्या आलॉईस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अगदी अखेरीस शोधून काढली. गुळगुळीत चुनखडीवर तेलकट शाईने अक्षरं किंवा चित्र उतरवायचं आणि दगड ओला करायचा. पाणी कोऱ्या जागेत मुरतं, तेलकट रेघेवर थांबत नाही. मग वरून छपाईची शाई फिरवली की ती फक्त रेघेला धरते. कागद ठेवून दाबलं की पान तयार. म्हणजे छापलेलं पान हाताने लिहिल्यासारखं दिसतं, कारण मुळात ते कुणीतरी हातानेच लिहिलेलं असतं.

एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्याकडे हे छापखाने फोफावले. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापलं तेही शिळाप्रेसवरच. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं धरून शेकडो वेगवेगळे खिळे लागत. दगडाला त्यातलं काहीच लागत नव्हतं. शिवाय गिऱ्हाइकाला पोथी पोथीसारखीच हवी होती: आडवी, सुट्या पत्रांची (पानांची), ठसठशीत बाळबोध (देवनागरी) अक्षरातली. छापलेली पोथी सोवळ्यात चालते का, हा वादही तेव्हा जोरात होता. त्यावर तोडगा म्हणून शाईत चरबीऐवजी तूप वापरल्याचा उल्लेख मराठी मुद्रणाच्या इतिहासात येतो.

आता ओळखायचं कसं? घड्याळजी वापरतात तसलं भिंग घ्या आणि दिवसाच्या उजेडात एकच ओळ सावकाश पाहा. बोरू शाईत बुडवला की पहिली दोन-चार अक्षरं गडद येतात, मग फिकट होत जातात, मग पुन्हा गडद. हा चढउतार हस्तलिखितात दिसतो. शाई काठाशी किंचित साचलेलीही दिसते. शिळाछापात पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत काळा रंग एकसारखा असतो. बिघडला तर अख्खा कोपरा बिघडतो. खिळाछापात एकाच खिळ्याचा 'क' दहा ठिकाणी सापडला तर तो दहाही ठिकाणी तंतोतंत तोच असतो, आणि पानाच्या मागच्या बाजूने बोट फिरवलं तर अक्षरांचा दाब अनेकदा लागतो.

हस्तलिखितात मध्येच पिवळे फराटे दिसले तर तो हरताळ. लेखकाने चूक झाकण्यासाठी लावलेला. तो आर्सेनिकचा क्षार आहे, तेव्हा बोटाला थुंकी लावून पानं उलटायची सवय इथे तरी सोडावी.

शेवटच्या अध्यायातला शक: सगळ्यात मोठा चकवा

बासन सोडलं की लोक शेवटचं पान काढतात. तिथे शक असतो. मग हिशोब होतो आणि पोथी तीनशे वर्षांची ठरते. पुढे नातेवाइकांत, मग गावात, मग एखाद्या स्थानिक वर्तमानपत्रात.

श्रीधरकवींचं शिवलीलामृत घ्या. महाशिवरात्रीला, श्रावणात आपल्याकडे घरोघर ते वाचलं जातं. ग्रंथाच्या शेवटी शके सोळाशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर, फाल्गुन मास असा काळ कवीने स्वतः सांगितला आहे. तो ग्रंथ रचून पुरा झाल्याचा काळ. ती ओवी त्यानंतरच्या प्रत्येक नकलेत आणि प्रत्येक छापील प्रतीत जशीच्या तशी आली. गेल्या वर्षी मुक्ताईनगरच्या यात्रेत विकत घेतलेल्या प्रतीतसुद्धा ती आहे. त्यावरून त्या प्रतीला तीनशे वर्षांची म्हणायचं का?

तेव्हा तीन काळ वेगळे धरायचे: ग्रंथ रचल्याचा, त्याची ही नक्कल उतरवल्याचा, आणि छापील असेल तर छापल्याचा. आपल्याला हवे असतात पुढचे दोन. नक्कल उतरवणाऱ्याचा काळ ग्रंथाच्या ओव्या संपल्यानंतर येतो, बहुधा गद्यात: अमुक शके, अमुक संवत्सर, अमुक तिथी, अमक्याने अमक्यासाठी लिहिलं. या मजकुराला पुष्पिका म्हणतात. तिच्यासोबत बऱ्याचदा एक ठरावीक श्लोक असतो, 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया', म्हणजे समोर जसं दिसलं तसं उतरवलं, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नका. हात वर करण्याची ही रीत मला फार आवडते.

शकाचं इसवी सन काढताना ७८ मिळवायचे, पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली तिथी असेल तर ७९. शिवलीलामृत फाल्गुनात पुरं झालं, म्हणून शके १६४० चा इसवी सन काटेकोरपणे १७१९ येतो, जरी सगळीकडे १७१८ छापलेलं दिसलं तरी. संवत्सराचं नाव असेल तर पडताळाही घेता येतो. साठ संवत्सरांचं चक्र ठरलेलं आहे. प्रभव संवत्सर शके १७८९, १८४९, १९०९ या वर्षी आलं. तिथून मोजत गेलं की शक आणि संवत्सर जुळतात की नाही ते कळतं. जुळले नाहीत तर आकडा वाचण्यात घोटाळा आहे किंवा नक्कल करणाऱ्याची चूक.

साल छापलेलंच नसेल तर

पोथीचं पहिलं आणि शेवटचं पत्र सगळ्यात आधी जातं. बरोबर त्याच दोन पत्रांवर छापखान्याचं नाव आणि साल असतं. मग आतल्या खुणा गोळा कराव्या लागतात. एकेक खूण 'याच्या आधीचं नाही' किंवा 'याच्या नंतरचं नाही' एवढंच सांगते, पण चार खुणा एकत्र आल्या की काळ बऱ्यापैकी आवळता येतो.

'हे पुस्तक सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे रजिस्टर केले आहे' अशी ओळ दिसली तर पुस्तक १८६७ च्या आधीचं असूच शकत नाही. छापखाने आणि पुस्तकं यांच्या नोंदणीचा कायदा त्या वर्षी आला. किंमत आण्यांत असेल तर बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीचं, कारण तेव्हा दशमान नाणी सुरू झाली. 'नवे पैसे' असं छापलेलं असेल तर १९५७ ते १९६४ ही मधली अरुंद खिडकी. गद्य मजकुरात 'तें', 'घरीं', 'कसें' असे अनुस्वार असतील तर सहसा १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचं. जुन्या काव्याला मात्र हा नियम लावू नका, तिथे अनुस्वार आजही ठेवतात. छापखान्याच्या नावाचाही उपयोग होतो. मुंबईचा निर्णयसागर १८६९ चा, पुण्याची चित्रशाळा १८७८ ची. त्यांचं नाव असलेलं पुस्तक त्याआधीचं नाही.

मागच्या पानावरच्या जाहिराती फाडून फेकू नका. 'आमचेकडे मिळणारी इतर पुस्तके' या यादीत एखाद्या पुस्तकाचं साल माहीत असेल तर तेवढ्यावरून पुढचा धागा लागतो.

कागद मात्र जपून वाचावा. जुना देशी कागद चिंध्या कुटून, हाताने गाळून केलेला. आपल्याकडे एरंडोलचा देशी कागद एकेकाळी नावाजलेला होता, जुन्या गॅझेटियरात त्याचा उल्लेख आहे. असा कागद उजेडावर धरला तर चाळणीच्या बारीक रेघा दिसतात. त्याचे तंतू लांब, म्हणून तो दोन-अडीचशे वर्षांनीही लवचिक राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा गिरणीचा कागद आला. त्यातल्या आम्लाने तो आतूनच जळत जातो, तपकिरी होतो, दुमडला की मोडतो. म्हणून १९२५ चं पुस्तक हातात चुरतं आणि पेशवाईतली पोथी ठणठणीत असते. 'किती जीर्ण झालीय, म्हणजे किती जुनी असेल' हा अंदाज त्यामुळे कित्येकदा बरोबर उलटा पडतो.

नोंद म्हणजे पुस्तकाचा सातबारा

सातबाऱ्यावर काय असतं? गट नंबर, क्षेत्र, मालक, पीक, बोजा. शेत न बघताही उतारा वाचणाऱ्याला शेताची कल्पना येते, आणि ते शेत शेजारच्या शेतापासून वेगळं ओळखता येतं. पुस्तकाच्या नोंदीने तेवढंच करायचं असतं. पुस्तकाचं नाव आणि कर्ता हा झाला गट नंबर. लांबी-रुंदी आणि पत्रसंख्या हे क्षेत्र. कुणाकडून कुणाकडे आलं हे फेरफार. गहाळ पानं, कसर, डाग हा बोजा, आणि तो लपवायचा नसतो. 'सुंदर, दुर्मिळ, प्राचीन' हे शब्द उताऱ्यावर कधी दिसले आहेत का? नोंदीतही त्यांना जागा नाही.

नमुन्यादाखल एक नोंद अशी दिसेल:

'पांडवप्रताप, श्रीधरकृत. शिळाछाप, बाळबोध. पोथी आकार, सुटी पत्रे, १६ × ३२ सें.मी. समासात अध्याय व पत्रांक. पत्रांक प्रत्येक अध्यायात नव्याने सुरू. अध्याय १ चे पत्र १ नाही. अध्याय ७ ची पत्रे ४, ५ नाहीत. अध्याय ६४ चे शेवटचे पत्र अर्धे फाटलेले, छापखाना व साल गेलेले. ग्रंथसमाप्तीचा शक रचनेचा, छपाईचा नव्हे. चित्रे १९, मजकुरासोबतच छापलेली. तीन चित्रांत हाताने रंग भरलेला. कागद गिरणीचा, तपकिरी, कडा मोडक्या. पाण्याचा डाग अध्याय २० ते २३, उजवा कोपरा. शेवटच्या पत्राच्या मागे मोडीत दोन ओळी, वाचलेल्या नाहीत. लाल खादीचे बासन. काळ अंदाजे एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध, कागद व छपाईवरून.'

'वाचलेल्या नाहीत' हे मुद्दाम लिहिलेलं आहे. मोडी येत नसेल तर तसं लिहावं. येणारा कुणी पुढे वाचेल. त्या ओळी बऱ्याचदा ग्रंथापेक्षा मोलाच्या निघतात. पोथी बाळबोधीत, पण घरमालकाचा हात मोडीचा. कोऱ्या जागेत त्याने मुलाचा जन्म, उसनवारी, दुष्काळात घेतलेलं धान्य असं काहीबाही टिपलेलं असतं. पांडवप्रताप शेकडो घरांत आहे, त्या दोन ओळी फक्त तुमच्याच घरात.

विलायती आणि बांधीव पुस्तकांना आणखी एक मोजणी लागते. मोठा ताव छापून घडी घालतात, त्या घड्यांच्या जुडीला आपल्याकडे छापखान्यात फर्मा म्हणतात. ताव एकदा दुमडला तर पुस्तक मोठं, दोनदा दुमडला तर चौपत्री, तीनदा दुमडला तर आठपत्री. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षर किंवा आकडा असतो. तो क्रम तपासला की मधला फर्मा गळालाय का हे पृष्ठांक न मोजताही कळतं. युरोपात छपाईच्या पहिल्या शतकातल्या कित्येक पुस्तकांना पृष्ठांकच नसत, त्यामुळे तिकडच्या जाणकारांनी ही फर्म्यांची मोजणी शास्त्रासारखी वाढवली.

चित्रं: भिंग इथे खरं कामाला येतं

सचित्र पुस्तकात चित्र कोणत्या तंत्राने छापलं हे कळलं तर काळही कळतो आणि लबाडीही.

लाकडी ठशाचं चित्र मजकुराबरोबर एकाच दाबात छापलं जाई. रेघा जाडसर, काळे भाग भरीव. ठसे महाग, म्हणून तोच गणपती, तोच शेषशायी विष्णू एका पुस्तकातून दुसऱ्यात फिरत राही. मिशनऱ्यांच्या छापखान्यांत तर परदेशातून आलेले ठसेही वापरले जात, म्हणून मराठी पत्रिकेत अचानक विलायती टोपी घातलेला मुलगा भेटतो. ठसा वापरून वापरून तडकतो. दोन प्रती शेजारी ठेवल्या आणि एकीत तडा बारीक, दुसरीत रुंद दिसला, तर रुंद तड्याची प्रत नंतरची. यापेक्षा स्वच्छ पुरावा पुस्तकांच्या धंद्यात क्वचित मिळतो.

तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राभोवती कागदावर पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाब उमटतो, बोटाला लागतो. जुन्या विलायती बायबलांत आणि प्रवासवर्णनांत अशी चित्रं असतात. शिळाछाप चित्रात भिंगाखाली दगडाची बारीक, बेशिस्त रवाळी दिसते. रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड, त्यामुळे कडेला एखादा रंग रेषेबाहेर सरकलेला सापडतो. १८९४ साली सुरू झालेल्या रविवर्मा प्रेसची देवादिकांची चित्रं अशी आहेत. आणि भिंगाखाली शिस्तीत मांडलेले ठिपके दिसले तर चित्र फोटोवरून, जाळी लावून छापलेलं. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे आली. चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं दिसली तर तो चक्क ऑफसेटचा नवा छाप, वरून कितीही पिवळा केलेला असो.

सचित्र पुस्तकांचा सगळ्यात मोठा शत्रू मात्र वाळवीही नाही, कसरही नाही. चित्र कापून फ्रेम करणारा हात. जगभर हा धंदा चालतो: पुस्तक मोडायचं, चित्रं सुटी विकायची, कारण एकोणीस फ्रेमांचे पैसे एका पोथीपेक्षा जास्त येतात. म्हणून सचित्र पुस्तक घेताना चित्रसूची असेल तर तिच्याशी एकेक चित्र ताडून पाहा. सूची नसेल तर शिवणीजवळ कापलेल्या कागदाची पट्टी राहिली आहे का ते बघा.

"देवाची पोथी, तिला पट्टी लावायची?"

हा आक्षेप मी मनापासून घेतो. पोथी ही पूजेतली वस्तू आहे. दसऱ्याला तिच्यावर हळदकुंकू वाहिलेलं असतं, पारायणात समईचं तेल सांडलेलं असतं, पानांत वाळलेली तुळस नाहीतर मोरपीस असतं. हे पुसायचं, झाडायचं नाही. जिथे सापडलं ते पत्र लिहून ठेवायचं. कोणता अध्याय सगळ्यात जास्त वाचला गेला हे त्या पानावरच्या तेलाच्या डागांवरून कळतं.

आणि जपणुकीची चिंता परंपरेनेच आधी केलेली आहे. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस पुस्तकाच्या तोंडी एक श्लोक येतो: 'तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् । मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥' तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून राख आणि मूर्खाच्या हाती देऊ नको. यात आजच्या काळासाठी चार गोष्टी जोडायला हव्यात. चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद कागदात शिरतो आणि पुढे निघत नाही. लॅमिनेशन तर नाहीच नाही. हातमोज्यांची गरज नाही, स्वच्छ कोरडे हात बरे. मोज्यात पानाची कड कळत नाही आणि फाटते. आणि पत्र्याखालचा माळा सोडा. मे महिन्यात आपल्या जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो, तेव्हा पत्र्याखाली काय होत असेल त्याचा विचार करा. तळमजल्यावरचं, ओल नसलेल्या आतल्या भिंतीचं फडताळ, धुतलेल्या सुती कापडाचं बासन आणि वेखंडाचे दोन तुकडे एवढं पुरतं.

जीर्ण पोथी तापीत किंवा गिरणेत सोडायची आपल्याकडे रीत आहे, कारण ती रद्दीत घालवत नाही. भावना खरी आहे. पण सोडायचीच असेल तर त्याआधी निदान नोंद करा, पानांचे फोटो काढा आणि मोडीतल्या ओळी कुणाकडून तरी वाचून घ्या. वाचल्यावर सोडावीशी वाटेलच असं नाही.

"छापीलच आहे ना? मग किरकोळ"

फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण हे ख्रिस्तचरित्र सांगणारं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं मराठी काव्य. ते १६१६ साली गोव्यात रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा. या तिन्ही छपाईंतली एकही प्रत आज माहीत नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या नकलांमुळे, आणि १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला तो त्या नकलांवरूनच. छापील म्हणजे भरपूर, हे गृहीत धरता येत नाही.

उलट बाजूही आहे. शंभर वर्षांचं इंग्रजी बायबल म्हणजे घबाड, असं अनेकांना वाटतं. नंदुरबार-नवापूर पट्ट्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मिशनऱ्यांची वस्ती होती, तिथे अशी बायबलं निघतात. पण बायबल हे लाखांनी छापलं गेलेलं पुस्तक. बाजारात जुनं बायबल सहसा स्वस्तच जातं. किंमत येते ती वेगळ्या कारणाने: दुर्मिळ भाषांतर असेल, जसं पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत केलेलं, केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातलं, किंवा कोऱ्या पानांवर एखाद्या कुटुंबाच्या तीन पिढ्यांचे जन्म-मृत्यू लिहिलेले असतील. वय, दुर्मिळता आणि मागणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्ही एकत्र आल्या तरच दाम येतो.

"आता सगळं मोबाइलवर मिळतं"

ग्रंथ मिळतो, प्रत मिळत नाही. शिवलीलामृत मोबाइलवर आहे. तुमच्या प्रतीतले पाठभेद, मोडीतल्या ओळी, पाण्याचा डाग तिथे नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. लिपीच वाचता येईना म्हणून मराठीचं कितीतरी जुनं गद्य विसाव्या शतकापर्यंत मठांतच पडून होतं. अशा पोथ्यांत या प्रतीचं वाचन त्या प्रतीहून वेगळं निघतं, म्हणून प्रत्येक प्रत मोजावी लागते.

फोटो जरूर काढा. मात्र प्रत्येक फोटोत कडेला पट्टी ठेवा, पत्राच्या दोन्ही बाजू घ्या, कोरं पानसुद्धा सोडू नका. आणि फाइलला ग्रंथाचं नाव, अध्याय, पत्रांक द्या. नावाशिवायचे चारशे फोटो म्हणजे उताऱ्याविनाची जमीन.

"नोंद केली तर सरकार पोथी घेऊन जाईल"

ही भीती गावोगाव आहे, आणि त्यामुळेच बासनं लपवली जातात. १९७२ चा पुरावशेष कायदा सांगतो ते असं. वैज्ञानिक, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मोलाचं, ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित हा पुरावशेष. तो घरी बाळगायला मनाई नाही. चित्रं असलेल्या अशा हस्तलिखिताची नोंदणी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते. पुरावशेषांचा धंदा करायला परवाना लागतो, आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणजे अडचण घरी ठेवणाऱ्याला नाही. ती 'आमच्याकडे परदेशी गिऱ्हाईक आहे' म्हणत दारात येणाऱ्याला आहे. त्याला चहा पाजा आणि परवाना दाखवायला सांगा.

घरात सांभाळणं जमणारच नसेल तर आपल्याकडे पर्याय आहेत. धुळ्याला शंकर श्रीकृष्ण देवांनी उभं केलेलं समर्थ वाग्देवता मंदिर आहे, रामदासी बाडांचा मोठा संग्रह तिथे आहे. तिथेच इतिहासाचार्य राजवाड्यांच्या मागे त्यांच्या नावाने उभं राहिलेलं संशोधन मंडळ आहे. तत्त्वज्ञानाची पुस्तकं असतील तर अमळनेरचं, १९१६ पासूनचं तत्त्वज्ञान मंदिर. कुठेही जाण्याआधी फोन करून तुमच्या प्रकारचा ग्रंथ ते घेतात का हे विचारा. देताना तुम्ही केलेली नोंद दोन प्रतींत न्या. एकीवर त्यांची सही-शिक्का घेऊन घरी ठेवा, आणि पोथी कायमची दिली की सांभाळायला ठेवली हे त्या कागदावर स्पष्ट लिहून घ्या. पुढच्या पिढीचे निम्मे वाद याच एका ओळीवरून होतात.